घरातला सगळ्यात जुना सिनेमा

मागच्या अंकात या सदरात मी सहज विचारलं होतं, की तुमच्या घरच्या संग्रहातला सगळ्यात जुना सिनेमा कोणता? उत्तरं थोडीच आली, उलट प्रश्न मात्र भरपूर. इंदिरानगरात माझी व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हाही असंच चालायचं. गिऱ्हाईक कॅसेट परत करायला यायचं आणि काउंटरला टेकून अर्धा तास मलाच प्रश्न विचारत बसायचं. आलेल्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, राहण्याचा भाग तेवढा दिला आहे.

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या व्हीसीडी-डीव्हीडींची दोन कपाटं घरात आहेत. मी त्या सालाप्रमाणे लावतोय. सगळ्यात वर 'राजा हरिश्चंद्र' येतो, १९१३ चा. पण लावला की सुरू होतो न होतो तोच संपतो, मधली गोष्टच गायब. शिवाय सगळी माणसं कुणी मागे लागल्यासारखी पळतात. वडील फसले का? – कॉलेज रोड

उत्तर : वडील अजिबात फसले नाहीत. जगात जेवढा 'हरिश्चंद्र' शिल्लक आहे तेवढाच तुमच्या कपाटात आहे.

३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लागला, तेव्हा चार रिळांचा होता, साधारण ३,७०० फुटांचा. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं हाती लागलं. म्हणून राजा मुलाला धनुष्यबाण शिकवताना दिसतो आणि बघता बघता आपण शेवटाला येऊन पोचतो. त्यातही एक गोम आहे. दादासाहेब फाळक्यांनी हीच गोष्ट १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळं १९१३ ची नसून त्या दुसऱ्या खेपेची आहेत असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा पाठीवरच्या चिठ्ठीवर '१९१३/१९१७' असं लिहा आणि मोकळे व्हा. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके हे पुरुष होते, हे वडिलांनी सांगितलंच असेल. हेच साळुंके 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले.

आता पळापळीचं. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, पडायच्या. बोलपट आले तेव्हा आवाजासाठी वेग चोवीसवर पक्का झाला. सोळाने काढलेलं चोवीसने दाखवलं की माणूस दीडपट वेगाने चालणारच. गणित करून बघा. पस्तीस मिलिमीटरच्या फुटाला सोळा चौकटी, म्हणजे ३,७०० फुटांचा सिनेमा सोळाच्या वेगाने तासाभराहून थोडा जास्त चालतो आणि चोवीसने ४१ मिनिटांत उरकतो. मूकपट किती लांबीचा होता यावर लोक वाद घालतात, त्यातला निम्मा घोळ इथलाच असतो. कॉम्प्युटरवरच्या बहुतेक प्लेअरमध्ये वेग कमी करायची सोय असते. दोन तृतीयांशावर आणा. हरिश्चंद्र एकदम राजासारखा चालायला लागेल.

तुमच्या रांगेत 'हरिश्चंद्र'च्या वरही काही येऊ शकतं. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या मिनिटभराच्या पट्ट्या आणि तिथल्याच मेलिएसचा १९०२ चा चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा यांच्या चांगल्या प्रती मिळतात. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ चा, म्हणजे 'हरिश्चंद्र'च्या वर्षभर आधीचा, पण तो पाहायला उरलेलाच नाही.

आणि नाशिककर म्हणून माझा हट्ट आहे की 'हरिश्चंद्र'च्या शेजारी 'कालिया मर्दन' हवाच. १९१९ चा आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे. पहिल्या यशानंतर बिऱ्हाड नाशकात आणलं, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी केली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला गेलेही इथेच. आपण पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या त्यांच्या स्मारकात पोरांना बागेत खेळायला नेतो, पण नाशिकच्या कंपनीचा सिनेमा किती जणांनी पाहिलाय? 'कालिया मर्दन' सुदैवाने बराचसा शाबूत आहे. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते. नुसता चेहरा. हसते, रागावते, रडवेली होते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. लहान पोरीला काय काय येतं ते बापाने प्रेक्षकांना आधीच दाखवून ठेवलंय.

कपाटं लावताना मात्र प्रत्येक डबीवर दोन सालं लिहा, सिनेमाचं आणि प्रतीचं. १९१९ चा सिनेमा तुमच्याकडे २००३ च्या चकतीवर असेल, तर घरात म्हातारी होत जाणारी वस्तू चकतीच आहे. ती गेली तर दुसरी आणता येते, हे लक्षात ठेवून काळजी करा. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. मोठ्या टीव्हीवर ते फाटलेलं दिसणारच, त्यात वडिलांचा दोष नाही. दुकानातून आणलेली छापील चकती बरी टिकते. पण वडिलांनी घरी 'राइट' केलेल्या, खाली निळसर-जांभळी झाक असलेल्या चकत्यांची आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. त्या न सांगता मरतात. चकतीच्या पाठीवर बॉलपेनने नाव लिहिलेलं असेल तर तीही पहिल्या रांगेत घ्या. टोकाचा ओरखडा थेट माहितीच्या थरापर्यंत जातो.

प्रश्न : वाडा पाडायला काढलाय. माळ्यावर पत्र्याच्या गंजक्या डब्यांत रिळं निघाली. डबा उघडला की व्हिनेगरसारखा भपकारा येतो. शेजारचे म्हणतात जुनी फिल्म स्फोटक असते, पोलिसांना कळवा. आजेसासरे हौशी होते, त्यांचा प्रोजेक्टरही आहे. लावून बघू का? – पंचवटी

उत्तर : लावू नका. पोलिसांनाही बोलवू नका. आधी पट्टी घ्या, शाळेतली फूटपट्टी, आणि रिळाची रुंदी मोजा.

साडेतीन सेंटिमीटर भरली तर ती थिएटरातली पस्तीस मिलिमीटरची फिल्म. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर शेजाऱ्यांची भीती खरी ठरू शकते. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. तिला जळायला बाहेरच्या हवेची गरज पडत नाही, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. पुण्यात २००३ मध्ये अशाच साठ्याला आग लागून प्रभात फिल्म कंपनीच्या काळाचा मोठा ठेवा गेला. तशी निघाली तर घराबाहेर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. तुकडा जाळून बघण्याचा शहाणपणा कुणी सुचवेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण तुमच्या वर्णनावरून ती तशी वाटत नाही. घरगुती प्रोजेक्टरची फिल्म ८ किंवा १६ मिलिमीटरची असते, आणि या मापांच्या फिल्मा पहिल्यापासून 'सेफ्टी' म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटच्याच निघाल्या. १६ मिलिमीटर आली १९२३ मध्ये, ८ आली १९३२ मध्ये आणि सुपर एट १९६५ मध्ये. भोकं दोन चौकटींच्या मधोमध असली तर ती पाथे या फ्रेंच कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची, १९२२ पासूनची. तीही सेफ्टीच. भिंगातून कडेला बघा, 'सेफ्टी' हा शब्द बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला सापडेल. कोडॅकची असेल तर त्याच्या आसपास चौकोन, त्रिकोण, गोल अशी चिन्हंही दिसतील. ती फिल्म कोणत्या साली तयार झाली ते सांगतात. वीस वर्षांनी तीच चिन्हं पुन्हा येतात, तेव्हा १९४५ की १९६५ हे चित्रातल्या साड्यांवरून आणि मोटारींवरून ठरवायचं.

व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटेट कुजायला लागल्याची खूण. त्यातून सुटतं तेही व्हिनेगरमधलंच आम्ल. फिल्म आक्रसते, वळते, ठिसूळ होते. एकदा सुरू झालेलं थांबवता येत नाही, पण सावकाश करता येतं. उष्णता, ओल आणि कोंडलेली हवा हे तिचे तीन वैरी, आणि वाड्याच्या पत्र्याखालच्या माळ्यावर तिन्ही एकत्र नांदतात. एप्रिलमध्ये भट्टी, आषाढात ओल. माझे सासरे थिएटरात ऑपरेटर होते. ते रिळाचा डबा उघडला की आधी नाक लावायचे, मग दोन बोटांत कडा धरून हलकेच वाकवायचे. वाकली तर ठीक. करकरली तर प्रोजेक्टरला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. आक्रसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि यंत्र ती टराटरा फाडत जातं.

तेव्हा गंजके डबे टाकून द्या, पण डब्यावरच्या चिठ्ठ्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रिळं कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घाला. वास येणारी वेगळी, न येणारी वेगळी, कारण हा रोग शेजाऱ्याला लागतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डांबराच्या गोळ्या नकोत. मग एकेक चौकट स्कॅन करून देणारा माणूस शोधा. 'भिंतीवर पाडून व्हिडिओ शूट करून देतो' म्हणणाऱ्याला देऊ नका. आणि स्कॅन झालं तरी मूळ रीळ फेकू नका.

त्यात काय निघेल ते मलाही कळवा. २००८ मध्ये ब्यूनस आयर्समधल्या एका संग्रहालयात १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाची १६ मिलिमीटरवर उतरवलेली प्रत सापडली, ओरखड्यांनी भरलेली. तिच्यात सुमारे पंचवीस मिनिटं अशी होती, जी जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. मूळ प्रत एका संग्राहकाकडची होती. तुमच्या माळ्यावर 'मेट्रोपोलिस' नसेल, आजेसासऱ्यांनी काढलेली मुंजच असेल. पण त्या मुंजीचीही प्रत जगात तेवढी एकच.

प्रश्न : सासूबाईंसाठी प्रभातचे सिनेमे आणलेत. मुलं (९ आणि १३) 'काळं-पांढरं' म्हटलं की उठून जातात. कुठून सुरुवात करू? – नाशिक रोड

उत्तर : 'संत' नावाने सुरू होणाऱ्यांपासून करू नका. मुलांना वाटतं आता आरती होणार. खरं तर १९३६ चा 'संत तुकाराम' मला भक्तिपट वाटतच नाही, संसारपट वाटतो. विष्णुपंत पागनीस तल्लीन होऊन गात असतात आणि गौरीबाईंची जिजाई घर चालवत असते. पोर आजारी पडतं तेव्हा ती पायतण हातात घेऊन तरातरा देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. धाकट्याला तो प्रसंग तेवढा आधी दाखवा, बाकीचा तो आपणहून मागेल. हा सिनेमा मुंबईत सलग ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं, ही माहिती सासूबाईंना द्या. मुलांवर तिचा परिणाम शून्य.

तेरा वर्षांच्या मुलीला (मुलगी आहे असं धरते) 'कुंकू' दाखवा, १९३७ चा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांचे डोळे बघा. त्यात पार्श्वसंगीत नाही. आवाज सगळे घरातले, रस्त्यावरचे. घड्याळ टिकटिकतं तेवढंच. आजच्या मालिकांमध्ये दर वाक्यामागे ढोल वाजतात, त्यामुळे मुलांना पहिली पाच मिनिटं 'आवाज गेलाय का?' असं वाटेल. रिमोट तुमच्या हातात ठेवा.

धाकट्यासाठी 'कालिया मर्दन'मधली नागाबरोबरची झुंज, आणि चॅप्लिनचा 'द किड', १९२१ चा. मूकपट असला की मोठ्या भावंडाने पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या वाचून दाखवायच्या. आमच्याकडे ते काम मुलं भांडून घ्यायची.

प्रश्न : तुमच्या स्वतःच्या संग्रहातलं सगळ्यात जुनं काय? – गंगापूर रोड

उत्तर : सिनेमाच्या सालाने म्हणाल तर ल्युमिएरच्या पट्ट्या. कारखान्यातून बायका-माणसं बाहेर पडतात, शेवटी कुत्रंही येतं.

पण वस्तू म्हणून विचाराल तर सुपर एटचं एक रीळ आहे, सासऱ्यांच्या मित्राने १९६९ च्या महापुरात गोदाकाठी काढलेलं. पन्नास फूट, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलंय ते नाशिककर आधी बघतो, तसं यानेही कॅमेरा आधी तिकडेच वळवलाय. मारुती काही सापडत नाही, तरी तो शोधतच राहतो. मग छत्र्या, कुणाचं तरी ओलं डोकं, आणि उरलेल्यात पुन्हा पाणी. चित्रीकरण वाईट आहे. हात थरथरतोय. लायब्ररी बंद केली तेव्हा ढीगभर कॅसेट रद्दीत गेल्या, त्यांतले बहुतेक सिनेमे आज फोनवर फुकट दिसतात. हे रीळ कुठे दिसणार?

प्रश्न : नाशिकमध्ये बनलेला बोलपट कुठला? घरी ठेवावा असा? – सिडको

उत्तर : 'सती सुलोचना'. इथल्या गोदावरी सिनेटोनचा. पटकथा वि. वा. शिरवाडकरांची आणि त्यातला लक्ष्मणही शिरवाडकरच. होय, कुसुमाग्रज. सिनेमा पडला. मराठी कवितेचं भलं झालं म्हणायचं! प्रत कुणाच्या घरी असेल तर माझ्यापेक्षा आधी संग्रहालयाला सांगा. फाळक्यांचा स्वतःचा बोलपट म्हणजे 'गंगावतरण', १९३७ चा, पण तो कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणपतीत माझ्या संग्रहातला 'श्यामची आई' पडद्यावर दाखवायचा आहे. मित्रांना पेनड्राइव्हवर द्यायचाही विचार आहे. परवानगी लागते का? – सातपूर

उत्तर : आपल्याकडे सिनेमाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे सिनेमावरचा हक्क २०१३ च्या अखेरीस संपला. पण लिहिलेल्या मजकुराचा आणि गाण्यांचा हिशोब वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं पुस्तक मोकळं झालं. सिनेमा काढणारे आचार्य अत्रे गेले १९६९ मध्ये, त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. म्हणून वकिली उत्तर हवं असेल तर वकिलालाच विचारा. माझं उत्तर असं, की सोसायटीत दाखवण्याआधी डीव्हीडी ज्यांनी काढली त्या कंपनीला लेखी विचारा. स्वच्छ केलेल्या नव्या प्रतीवर आणि उपशीर्षकांवर त्यांचा दावा असू शकतो. पेनड्राइव्ह वाटत सुटू नका. मित्रांना घरी बोलवा. आई झालेल्या वनमालाबाईंना बघून रडायला सोबत बरी असते.

प्रश्न : एक जण 'आलम आरा'ची डीव्हीडी दीड हजाराला देतोय. अस्सल १९३१ ची म्हणतो. घेऊ का? – भद्रकाली

उत्तर : १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या त्या सिनेमाची एकही प्रत आज कुठे उपलब्ध नाही. उरलीत ती छायाचित्रं आणि जाहिराती. याच नावाचे सिनेमे पुढे १९५६ आणि १९७३ मध्येही निघाले, त्यांतला एखादा तुमच्या गळ्यात बांधला जातोय. त्या माणसाला सांगा, अस्सल असेल तर दीड हजार फारच कमी आहेत, पुण्याला ने, तिथे तुझा सत्कार करतील. तो चकती परत खिशात घालेल.